‘टुडे सी इज बिग’ म्हटलं आणि पाहुणे पाण्याकडे निघाले

प्रश्न : गुहागर तालुक्यात समुद्राला लागून आमचं घर आहे. काही वर्षांपासून दोन खोल्या पाहुण्यांना देतो. पूर्वी पुण्या-मुंबईचीच माणसं यायची, आता बंगळूर, हैदराबादकडचीही येतात. मी मराठी शाळेत बारावीपर्यंत शिकले, मोडकंतोडकं इंग्रजी बोलते. गेल्या सप्टेंबरात एका कुटुंबाला मी सांगितलं, “टुडे सी इज व्हेरी बिग.” मला म्हणायचं होतं की आज समुद्र खवळलाय. त्यांना वाटलं मी कौतुक करतेय. “येस, ब्यूटिफुल!” म्हणत ते पोरांना घेऊन पाण्याकडे निघाले. मिस्टरांनी धावत जाऊन अडवलं म्हणून बरं. त्याआधी सासऱ्यांचा फोटो दाखवून “ही वॉज बिग मॅन” म्हटलं, तर पाहुणे त्या काटकुळ्या माणसाकडे बघतच राहिले. एकदा गरम पाणी द्यायला उशीर झाला, तेव्हा पाहुणा “नो बिग डील” म्हणाला. त्याला व्यवहार परवडला नाही असं वाटून मी बिलातले दोनशे रुपये कमी केले. आता अकरावीतला मुलगा म्हणतो, “आई, तू बोलूच नकोस, मी बघतो.” मिस्टर म्हणतात, सीझनला इंग्रजी येणारी एखादी मुलगी ठेवू. चिपळूणला तीन महिन्यांचा स्पीकिंगचा क्लास आहे, फी आठ हजार. क्लास लावू, की स्वयंपाकघर सांभाळून गप्प बसू?

ताई,

आधी समुद्राचं बोलू. बाकीचं मागाहून बघता येईल.

आपलं वाक्य चुकलं, असं तुम्ही धरून चालला आहात. मला ते तितकंसं पटत नाही. जहाजावर आयुष्य काढलेला इंग्रज ‘बिग सी’ म्हणतो तेव्हा त्याला उंच लाटांचा, उसळलेला समुद्रच म्हणायचा असतो. तुमचं बोलणं दर्यावर्दी माणसाला बरोबर कळलं असतं. ‘बिग’ हा शब्द इंग्रजी लिखाणात सुमारे १३०० सालापासून सापडतो आणि सुरुवातीला त्याचा अर्थ दांडगा, ताकदवान असा होता. आकाराचा अर्थ त्याला पुढे चिकटला. तुमच्या पडवीत बसलेल्या कुटुंबाला मात्र समुद्र म्हणजे सुट्टीत डोळे भरून बघायची गोष्ट. त्यांनी ‘बिग’ ऐकलं, समोर पार क्षितिजापर्यंत पाणी बघितलं आणि त्यांना तुमचं म्हणणं पटलं. लाटांवर फळी घेऊन खेळायला येणाऱ्या हौशी माणसाला तर ‘बिग’ ऐकून चेवच चढला असता.

तेव्हा प्रश्न तुमच्या इंग्रजीचा कमी आणि त्या शब्दाचा जास्त आहे. समुद्र मोठा आहे की लहान, यावरून पाण्यात उतरावं की नाही हे नवख्या माणसाला कधीच कळत नाही. खरं तर जीव जातो तो पुष्कळदा शांत दिसणाऱ्या पाण्यात. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधला एखादा पट्टा निवांत, जरा काळपट दिसतो. किनाऱ्यावर आलेलं पाणी बहुतेकदा तिथूनच जोरात आत परत जात असतं. गावातल्या माणसाला ती जागा लांबूनही कळते. बाहेरच्याला वाटतं, इथे लाट नाही, पोरांना खेळायला हीच जागा बरी. तिथे ‘बिग’ हा शब्द काहीच कामाचा नाही, कारण धोका दिसायला लहान आहे.

म्हणून समुद्राच्या बाबतीत वर्णन सोडाच. काय करायचं नाही, तेवढं सांगा : “नो स्विमिंग टुडे. डेंजरस. स्ट्राँग करंट.” एवढंच, आणि चेहऱ्यावर हसू न आणता. पाहुण्यांशी हसून बोलायची आपल्याला इतकी सवय असते की धोक्याची गोष्टही आपण हसतच सांगतो आणि समोरचा ती गप्पांत जमा करतो. आणि हे इंग्रजीतच सांगायला हवं असं कुणी ठरवलं? हैदराबादच्या बहुतेक माणसांना हिंदी चांगली येते, बंगळूरच्या पुष्कळांना कामापुरती येते. “आज पानी में बिलकुल मत जाइए” हे तुम्ही एका दमात, न अडखळता म्हणाल. जीवाचा प्रश्न असेल तिथे जी भाषा तुमच्या तोंडून ठामपणे येते ती वापरा. दोन्हींत सांगितलं तर उत्तमच.

त्याच्या जोडीला दारात एक फळा लावा. त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा खडूने लिहा आणि समुद्र वाईट असेल त्या दिवशी फळ्याला लाल फडकं बांधा. वेळा मोबाइलवर किंवा छापील तक्त्यात मिळतात. पण तुमच्या घरात किंवा शेजारच्या वाडीत तिथीची पाऊणपट करून भरतीचा अदमास सांगणारं कुणीतरी जुनं माणूस नक्की असेल. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती. हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे आणि शहरातल्या शिकल्यासवरल्या पाहुण्याला याचा गंधही नसतो. पत्रात तुम्ही स्वतःला ‘काही न येणारी’ म्हणून उभं केलंय, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. समुद्राबद्दल त्या अख्ख्या कुटुंबात मिळून जेवढं ज्ञान होतं त्याहून जास्त तुमच्या एकटीकडे होतं. ते त्यांच्यापर्यंत पोचवणारा शब्द तेवढा वेगळा हवा होता.

आता त्या शब्दाकडे येऊ. इंग्रजीची अडचण आपल्याला इंग्रजीत वाटते, पण ती पुष्कळदा मराठीत सुरू होते. आपला ‘मोठा’ फार कष्टाळू शब्द आहे, कुठलंही काम सांगा, करतो. मोठा पाऊस, मोठा वारा, मोठा आवाज, मोठी सुट्टी, मोठा मुलगा, मोठा माणूस, मोठं मन, मोठ्या घरची सून. यातल्या एकाही ठिकाणी आपण फुटपट्टी लावून आकार मोजत नाही. बोलताना डोक्यात ‘मोठा’ येतो आणि आपण त्याच्या जागी ‘बिग’ ठेवतो. काही ठिकाणी तो चपखल बसतो, काही ठिकाणी हलतो आणि काही ठिकाणी पार उलटा पडतो.

यावर मला सापडलेला उपाय शब्दकोशात नाही. तोंडात ‘बिग’ आला की क्षणभर थांबून मराठीतच स्वतःला विचारायचं : मोठा म्हणजे कसा? पाऊस मोठा म्हणजे मुसळधार, मग ‘हेवी रेन’. वारा मोठा म्हणजे जोराचा, ‘स्ट्राँग विंड’. ताप मोठा म्हणजे चढलेला, ‘हाय फीव्हर’. आवाज मोठा म्हणजे कानठळ्या बसवणारा, ‘लाउड’. घाट मोठा म्हणजे चढाचा असेल तर ‘स्टीप’, लांबलचक असेल तर ‘लाँग’. समुद्र मोठा म्हणजे खवळलेला, ‘रफ सी’. मराठीत दुसरा शब्द सापडला की इंग्रजीतला सापडायला वेळ लागत नाही. त्यातले बरेचसे तुम्हाला येतच असतात, ‘मोठा’ने ते झाकून ठेवलेले असतात.

फोनवर बुकिंग घेताना हे फार उपयोगी पडतं. आपल्याकडे सर्रास विचारलं जातं, “हाऊ मेनी बिग, हाऊ मेनी स्मॉल?” बहुतेकांना कळतं, पण एखाद्याला वाटतं खोल्यांचं विचारताहेत. ‘अ‍ॅडल्ट्स’ आणि ‘चिल्ड्रन’ हे दोन शब्द फोनजवळच्या वहीवर लिहून ठेवा. मुलांचं वयही विचारा, कारण चौदा वर्षांचा मुलगा जेवायला मोठा आणि झोपायच्या जागेच्या हिशेबात लहान, यावरून पुढे कटकट होते. तसंच “इज द रूम बिग?” असं कुणी विचारलं तर नुसतं “येस, बिग” म्हणू नका. हापूसची पेटी विकताना आपण ‘मोठा आंबा’ म्हणून थांबतो का? चार डझनी की सहा डझनी, ते सांगतो आणि चार डझनी म्हटलं की फळ मोठं हे गिऱ्हाइकाला आपोआप समजतं. खोलीचंही तसंच सांगावं : एक डबल बेड, खाली दोन गाद्या पडतात, बाथरूम आत आहे. खोली मोठी की लहान ते त्यांचं त्यांना ठरवू दे. आल्यावर होणारे निम्मे रुसवे तिथेच टळतात.

सासऱ्यांच्या फोटोचं मला वाईट वाटलं. आदराने बोलायला गेलात आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला. ‘बिग मॅन’ म्हणजे वजनदार, प्रतिष्ठित माणूस असा अर्थ इंग्रजीत आहे, पण समोर फोटो धरला की ऐकणाऱ्याची नजर आधी अंगकाठीकडे जाते. ‘ग्रेट मॅन’ म्हटलं तर अर्थ पोचेल, मात्र ‘ग्रेट’ आता चहालाही म्हणतात आणि हवेलाही, त्यामुळे तो शब्द पार गुळगुळीत झालाय. त्यापेक्षा त्यांनी काय केलं ते एका वाक्यात सांगा. तुम्ही पत्रात ते लिहिलेलं नाही, पण गाव ज्याला मोठा माणूस म्हणतं त्याने काहीतरी केलेलं असतंच. शाळेला जागा दिली असेल, विहीर खणून घेतली असेल, कुणाच्या पोरांची शिक्षणं केली असतील. “ही गेव्ह लँड फॉर द स्कूल” या साध्या वाक्यात ‘बिग’ही नाही आणि ‘ग्रेट’ही नाही. पण ऐकणारा फोटोकडे पुन्हा एकदा बघेल आणि या वेळी नीट बघेल.

‘लार्ज’ला फार वेळ देऊ नका. टी-शर्ट, अंडी, पिझ्झा, मोजून मांडलेल्या वस्तू यांना तो बसतो. परमिट रूममध्ये ‘लार्ज’ म्हणजे ६० मिलिलिटर, हे पाहुणेच तुम्हाला सांगतील. पण ‘लार्ज ब्रदर’ नाही, ‘लार्ज मिस्टेक’ नाही. नातं आणि चूक या दोन्हींना ‘बिग’च. समुद्रकाठी राहता म्हणून एक गंमत मात्र सांगते. ‘बाय अँड लार्ज’ म्हणजे एकंदरीत, साधारणपणे. हा वाक्प्रचार शिडाच्या जहाजांवरून आला. वाऱ्याला शक्य तितकं तोंड देऊन जहाज हाकणं म्हणजे ‘बाय’, आणि वारा मागच्या अंगाने घेऊन जाणं म्हणजे ‘लार्ज’. दोन्ही तऱ्हेच्या वाऱ्यात चालणारं ते ‘बाय अँड लार्ज’ चांगलं जहाज. तुमच्या किनाऱ्यावरच्या जुन्या तांडेलांना हे समजावून सांगावं लागलं नसतं.

आता पाहुणे बोलतात त्याविषयी. ‘नो बिग डील’ म्हणजे ‘राहू दे हो, काही बिघडलं नाही’. यात ‘डील’चा पैशाशी काही संबंध नाही. तो माणूस तुम्हाला धीर देत होता आणि तुम्हाला ती तक्रार वाटली. अशा वेळी चेहरा बघायचा. तक्रार करणारा माणूस सहसा हात हलवून, हसून बोलत नाही. ‘नो’ गाळून नुसतं ‘बिग डील!’ म्हटलं, तेही जरा सुरात, तर मात्र अर्थ उलटतो : त्यात काय एवढं मोठं! “माय डॉटर इज बिग ऑन प्रॉन्स” असं कुणी म्हणालं तर मुलीला कोळंबी फार आवडते एवढंच, मोठी कोळंबी शोधत दापोलीपर्यंत जायची गरज नाही. ‘बिग हार्ट’ म्हणजे आपलंच मोठं मन, ‘बिग माउथ’ म्हणजे ज्याच्या पोटात काही राहत नाही, ‘बिग हेड’ म्हणजे डोक्यात हवा गेलेला. ओळखायची खूण साधी आहे. ‘बिग’च्या पुढचा शब्द हातात धरता येणारी, डोळ्यांनी मापता येणारी वस्तू नसेल, तर आकाराचा अर्थ सोडून द्यायचा आणि बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते हुडकायचं. नाहीच कळलं तर विचारायचं, “सॉरी, व्हॉट डू यू मीन?” हे विचारणारा अडाणी ठरत नाही. बंगळूरच्या माणसाला आपली ‘पुळण’ (वाळूचा किनारा) किंवा ‘सुकती’ (ओहोटी) कळत नाही तेव्हा तोही विचारतोच की.

मुलाबद्दल जरा सावकाश लिहिते. “आई, तू बोलूच नकोस” हे वाक्य तुम्हाला लागलंय, ते पत्रात दिसतं. त्याला समुद्राच्या त्या प्रसंगाची भीती बसली असणार. आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला चारचौघांत आईची चूक स्वतःच्या अंगावर आल्यासारखी वाटते, हेही खरं. पण तुम्ही गप्प बसलात तर तो दोन गोष्टी शिकेल : चूक झाली की माघार घ्यायची, आणि ज्याला इंग्रजी येतं तो घरात वरचढ. दोन्ही त्याच्या उपयोगाच्या नाहीत. त्याला स्पष्ट सांगा की पाहुण्यांसमोर मला अडवायचं नाही, जेवणं आटोपली की काय चुकलं ते सांग, मी ऐकेन. आणि शिकवायला लावा. शिकवायला बसला की त्याच्याही लक्षात येईल की प्रकरण वाटतं तितकं सोपं नाही.

त्याला विचारा, ‘बिग बेन’ म्हणजे काय? बहुतेक मुलं लंडनचं घड्याळ म्हणतात. मुळात ते आतल्या घंटेचं नाव, आणि ती घंटा सुमारे साडेतेरा टनांची आहे. मनोऱ्याचं नाव २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर आहे. मग ‘बिग बँग’ विचारा. विश्वाच्या आरंभाच्या त्या सिद्धांताला हे नाव १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना फ्रेड हॉइल या शास्त्रज्ञाने दिलं, आणि त्याला स्वतःला तो सिद्धांत मान्य नव्हता. नाव मात्र कायमचं चिकटलं. अकरावीच्या मुलाला असल्या गोष्टींत रस असतो. रोज रात्री एकेक ‘बिग’ त्याने आणायचा आणि त्याला मराठीत काय म्हणू ते तुम्ही सांगायचं. त्याची मराठीही सुधारेल, आणि तिची गरज त्यालाही असेलच.

क्लासचं म्हणाल तर माझं मत नाही असं आहे, निदान या वर्षी तरी. तिथे ‘बिग, बिगर, बिगेस्ट’ घोकून घेतील, ते तुम्हाला येतं. ‘भांगाची भरती आहे, गुडघाभर पाण्यापर्यंत जा, पलीकडे नको’ हे इंग्रजीत कसं सांगायचं, ते तिथे कुणी शिकवणार नाही. तुम्हाला लागणारी वाक्यं तीस-चाळीसच आहेत : येण्याची वेळ, जेवणात काय, मासे चालतात का, तिखट किती, गरम पाणी किती वाजता, मंदिराचा रस्ता, समुद्र. ती मराठीत लिहून काढा, मुलाकडून इंग्रजी करून घ्या आणि खात्रीच्या एखाद्या शिक्षकाला एकदा दाखवा. बोलायची भीती गेल्यावरही शिकावंसं वाटलं तर क्लास जरूर लावा, पण तो हौसेने, शिक्षा म्हणून नव्हे.

मदतीला मुलगी ठेवायचीच असेल तर कामाचा भार कमी व्हावा म्हणून ठेवा. सीझनला दोन खोल्या, चार वेळचं खाणं आणि धुणी एका बाईला झेपत नाहीत, हे कारण पुरेसं आहे. तिला तुमच्या बदली बोलायला मात्र उभी करू नका. लोक घरगुती निवासाला येतात ते घरातल्या माणसांशी बोलायला. घावन कसं घालतात हे तव्याशी उभं राहून विचारणाऱ्या पाहुणीला घरच्या बाईकडूनच ऐकायचं असतं, आणि त्यासाठी ‘दिस मच वॉटर’ म्हणत हाताने दाखवलं तरी पुरतं.

हे बदल करायला सीझनची वाट बघू नका. फळा, लाल फडकं आणि समुद्राची ती दोन-तीन वाक्यं याच आठवड्यात करून टाका. ती वाक्यं तुम्हाला, मिस्टरांना, मुलाला आणि मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला सारखीच पाठ हवीत. पाहुणे पाण्याकडे निघतील तेव्हा अंगणात नेमकं कोण असेल ते सांगता येत नाही. तुमच्या पुळणीवर जीवरक्षक कुठे आणि किती वाजेपर्यंत असतात, असतात की नाहीत, हेही ग्रामपंचायतीत विचारून फळ्याच्या खाली लिहा आणि त्याखाली ११२ हा आपत्कालीन नंबर. एवढं झालं की मग पाहुण्यांना खुशाल सांगा, “वी हॅव अ बिग फॅमिली, बिग कोर्टयार्ड अँड व्हेरी बिग फिश टुडे.” त्यातला एकही ‘बिग’ चुकीचा नाही.